शेजारणींसाठी एक ओळ

मैत्रिणींनो,

एप्रिल २०२५ च्या अखेरीस अटारीच्या फाटकापाशी जे घडलं ते आपल्यापैकी बऱ्याचजणींनी टीव्हीवर पाहिलं असेल. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत सहाजण महाराष्ट्रातले होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने अटारीची चौकी बंद करण्याचा आणि सार्क योजनेखाली पाकिस्तानी नागरिकांना दिलेले व्हिसा रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. पाठोपाठ बाकीचे बहुतेक व्हिसाही रद्द झाले. फाटकापाशी रांगा लागल्या. त्या रांगांत माहेरी आलेल्या बाया होत्या. लग्न होऊन पाकिस्तानात गेलेल्या, दहा-दहा वर्षं तिथे संसार केलेल्या, पण पासपोर्ट अजून भारतीयच असलेल्या. मुलांचे पासपोर्ट मात्र पाकिस्तानी. मुलांनी पलीकडे जायचं आणि आईने अलीकडे राहायचं, असा हुकूम. कडेवरचं मूल कुणाकडे द्यायचं, हा प्रश्न विचारायला तिथे कुणी अधिकारी नव्हता आणि उत्तर देणारं कलमही नव्हतं.

ज्यांनी त्या कुरणात आपली माणसं गमावली त्या बायांचं दुःख आम्ही विसरलेलो नाही. ते विसरून शेजाराच्या गप्पा मारणं हा निर्लज्जपणा होईल. पण त्यांच्यातल्याच एका तरुण स्त्रीने, लग्नाला आठवडाही झाला नव्हता तोवर विधवा झालेल्या स्त्रीने, सांगितलं की आम्हाला न्याय हवा, पण मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका. त्याबद्दल तिला ज्या शिव्या खाव्या लागल्या त्या लिहवत नाहीत. तिचं बोलणं आणि फाटकापाशी अडकलेल्या आयांचं रडणं, दोन्ही एका वेळी ऐकू येईल असं राजकारण आपल्याला हवं आहे. या अंकाच्या निमित्ताने त्याबद्दल थोडं बोलावं असं वाटतं.

वस्तीतल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी विचारलं, "सार्क म्हणजे काय हो ताई? आणि आपला त्याच्याशी काय संबंध?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण पहिल्याचं उत्तर आधी देऊ.

८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव या सात देशांनी मिळून दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना, म्हणजे सार्क, स्थापन केली. २००७ साली अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. कचेरी काठमांडूत आहे. सनदेत दोन अटी आहेत : प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा, आणि दोन देशांमधल्या भांडणाचा विषय तिथे काढायचा नाही. म्हणजे घरात ज्यावरून भांडण आहे तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचं! अशा घरात जे होतं तेच झालं. अठरावी शिखर परिषद २०१४ साली काठमांडूत भरली. एकोणिसावी २०१६ साली इस्लामाबादला व्हायची होती, ती उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. त्यानंतर एकही परिषद झालेली नाही.

व्यापाराचंही तसंच. २००४ साली इस्लामाबादच्या परिषदेत मुक्त व्यापाराचा करार झाला. साफ्टा म्हणतात तो हाच. १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. तरीही या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. आग्नेय आशियातल्या देशांमध्ये हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे. भारत-पाकिस्तान यांच्यातला सरळ व्यापार तर २०१९ पासून जवळपास थांबलाच, आणि माल दुबईला वळसा घालून जाऊ लागला. मालाला वळसा परवडतो. माणसाला, त्यातून गरीब बाईला, तो परवडत नाही.

तज्ज्ञ मंडळी एवढ्यावर थांबतात आणि म्हणतात, दक्षिण आशिया हा जगातला सर्वांत कमी जोडलेला प्रदेश आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. हा प्रदेश जोडलेला आहेच. तो बायांच्या अंगाखांद्यावरून जोडलेला आहे. फक्त त्या जोडणीत त्यांचे हक्क कुठे लिहिलेले नाहीत.

आपल्या मुंबईपासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुऱ्यात छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली-बायांना उचलून सुधारगृहांत नेलं. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे, सरहद्द उघडी आहे, ये-जा करायला व्हिसा लागत नाही. या मुलींना आणणाऱ्या दलालाला कुणी कागद विचारला नव्हता. परत जायची वेळ आली तेव्हा मात्र त्या नेपाळी असल्याचा पुरावा काय, असा सवाल उभा राहिला, त्यांना एड्स असेल अशी भीती घातली गेली, आणि महिनोन् महिने त्या मुली कोंडल्यासारख्या राहिल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन शंभराहून अधिक जणींना मायदेशी नेलं. येताना सरहद्द उघडी आणि जाताना बंद, हे त्या मुलींनी अनुभवलं.

पुढे या प्रश्नावर सार्कने एक करार केला. ५ जानेवारी २००२ ला काठमांडूत स्त्रिया आणि मुलांचा वेश्याव्यवसायासाठी होणारा अपव्यापार रोखण्याच्या करारावर सह्या झाल्या. सरकारांनी हा प्रश्न मानला, हे चांगलंच झालं. पण करार नीट वाचला तर तीन गोष्टी खटकतात. एक, अपव्यापार म्हणजे फक्त वेश्याव्यवसायासाठीचा. वीटभट्टीवर, कारखान्यात, कुणाच्या तरी घरात डांबून राबवलेली बाई त्यात बसत नाही. दोन, बाईची संमती असो वा नसो, तिचं हलणं हे विकलं जाणंच मानायचं. तीन, सुटकेनंतर तिला परत पाठवण्याची व्यवस्था सरकारांनी करायची, पण तिला कुठे जायचं आहे हे तिला विचारावं अशी अट नाही. ज्या घराने तिला विकलं त्याच घरी तिला पोचवलं तरी करार पाळला गेला!

वेश्याव्यवसायाच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत एकमत नाही, हे आम्ही जाणतो. याच अंकाच्या तयारीत आमच्यातही वाद झाले. तो वाद चालू राहू दे. पण "तिला विचारा" एवढ्यावर तरी आपलं एकमत व्हायला हरकत नसावी.

कारण न विचारता केलेल्या संरक्षणाचं काय होतं ते नेपाळच्या बाबतीत दिसलं आहे. आखाती देशांत घरकामाला गेलेल्या बायांचे हाल होतात म्हणून नेपाळ सरकारने १९९८ पासून वेळोवेळी बायांच्या जाण्यावरच बंदी घातली. २०१२ साली तीस वर्षांखालच्या बायांना घरकामासाठी तिकडे जायची मनाई झाली. गरज संपली नव्हती, म्हणून जाणं थांबलं नाही, फक्त रस्ता बदलला. उघडी सरहद्द ओलांडून दिल्ली-मुंबई गाठायची आणि इथल्या विमानतळावरून दलालाच्या भरवशावर उडायचं. काठमांडूहून रीतसर गेली असती तर तिच्या नावाची नोंद राहिली असती, करारपत्र राहिलं असतं. आता काहीच राहिलं नाही. संरक्षणाच्या नावाखाली बाईला घरात ठेवायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. इथे घराच्या जागी देश आला, एवढंच.

दुसरी जोडणी कपड्यांची. आपण घालतो ते तयार कपडे आणि परदेशातल्या दुकानांत टांगलेले कपडे ढाका, कोलंबो, कराची, बंगळूर इथल्या कारखान्यांत शिवले जातात. बांगलादेशात आणि श्रीलंकेत शिवणाऱ्यांत बहुसंख्य बायाच. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीच्या बलदिया भागात कारखान्याला आग लागली, अडीचशेहून अधिक कामगार गेले. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, अकराशेहून अधिक मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी त्यांना आत घातलं गेलं. मजुरी वाढवून मागितली की मालक म्हणतो, ऑर्डर शेजारच्या देशात जाईल. हेच वाक्य सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ऐकवलं जातं. २०२३ च्या हिवाळ्यात बांगलादेशच्या कामगारांनी महिना २३,००० टक्यांची मागणी घेऊन संप केला, पोलिसांची गोळी खाल्ली, आणि हाती आले १२,५०० टके.

म्हणून मुक्त व्यापार आला म्हणजे सगळं भलं होईल, असं आम्ही म्हणत नाही. १९९१ नंतरच्या नव्या आर्थिक धोरणाने बायांच्या हातचं काय गेलं याचा हिशेब आपण आजवर मांडत आलो आहोत. मजुरीचा तळ न ठरवता नुसती सरहद्द उघडली तर बाईला बाईशी झुंजवण्याची सोय तेवढी होते. आणि दारं आदळून बंद केली तरी चटका तिलाच बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाल्यावर दोन्ही सरकारांचं बिनसलं. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांवरून भारतीय सूत घेणं बंद केलं. मे महिन्यात भारताने फर्मान काढलं की बांगलादेशचे तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून येतील. अशी रस्सीखेच होते तेव्हा सूतगिरणीत आणि शिवणखात्यात बसलेल्या बाईच्या पाळ्या आधी कमी होतात. तिला कुणी परिषदेला बोलावत नाही.

तिसरी जोडणी समुद्राची. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातले आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही, आणि सर क्रीकपाशी ती रेघ कुठे आहे यावर दोन्ही सरकारांचं एकमत नाही. बोट धरली जाते, माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. तसेच सिंधचे कोळी गुजरातच्या तुरुंगात येतात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या बदलल्या जातात. शिक्षा संपल्यावर आणि नागरिकत्वाची खात्री झाल्यावर महिन्याभरात सोडायचं, असंही त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात शिक्षा काही महिन्यांची आणि मुक्काम काही वर्षांचा होतो. इकडे मजुरी थांबते, उचल डोक्यावर राहते, आणि बाई सधवा की विधवा हे तिला कुणी सांगत नाही. सिंधच्या किनाऱ्यावर तिच्यासारखीच दुसरी बसलेली असते. दोघींचं दुःख एक आहे, पण भेटायची सोय नाही. १९९२ पासून सार्कची व्हिसामाफीची योजना आहे. त्यात न्यायाधीश, खासदार, वरिष्ठ अधिकारी, उद्योगपती, पत्रकार, खेळाडू अशा चोवीस जाती आहेत. खलाशाची बायको ही पंचविसावी जात कुणाला सुचली नाही.

मग करायचं काय? इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९५७ साली युरोपच्या सहा देशांनी रोममध्ये सामायिक बाजारपेठेचा करार केला. त्यात ११९ वं कलम होतं : समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन. ते काही स्त्रियांच्या प्रेमापोटी आलं नव्हतं. फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता, आणि शेजारी देश बायांना कमी मजुरी देऊन आपला माल स्वस्तात विकतील अशी तिथल्या मालकांना धास्ती होती. व्यापाराच्या हिशेबातून आलेली ती एक ओळ. कित्येक वर्षं ती कागदावरच पडून होती. मग फेब्रुवारी १९६६ मध्ये बेल्जियममधल्या एर्स्ताल गावच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या सुमारे तीन हजार बाया संपावर गेल्या, बारा आठवडे टिकल्या, आणि त्यांनी ती ओळ पुढे केली : तुम्हीच सही केली आहे, आता द्या. पुढे गाब्रिएल डेफ्रेन नावाच्या बेल्जियमच्या हवाई सुंदरीने त्याच ओळीवर दावा लावला. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार, आणि चाळिशीला नोकरी संपली, ही तिची कैफियत. १९७६ साली युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की हे कलम थेट न्यायालयात मागता येईल. त्या युरोपने आपल्याभोवती उंच कुंपण घातलं आहे आणि बाहेरच्या गरिबांना तो समुद्रात बुडू देतो, हेही आम्हाला माहीत आहे. युरोपची आरती ओवाळायची नाही. शिकायचं आहे ते एवढंच, की करारात एक ओळ असली तर तिच्यावर उभं राहता येतं.

आपल्याकडे काय आहे? जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या एकाच परिषदेत दोन कागदांवर सह्या झाल्या. साफ्टात जकात कुठल्या वर्षी किती कमी करायची याचं वेळापत्रक आहे, तक्रार झाली तर निवाडा कसा करायचा याची तजवीज आहे, पण मजुरीबद्दल कलम नाही. सामाजिक सनदेत स्त्रियांबद्दल सुंदर वाक्यं आहेत, पण ती मोडली तर कुठे जायचं याचा पत्ता नाही. मालाला न्यायाधीश, बाईला शुभेच्छा. हे दोन कागद एकमेकांना जोडून घेणं, हीच आपली मागणी असली पाहिजे.

शेजारच्या मैत्रिणींनी यासाठी वाट बरीच घालून दिली आहे. ऑक्टोबर २००० मध्ये घरबसल्या काम करणाऱ्या बायांसाठीचा काठमांडू जाहीरनामा निघाला. विडी वळणारी सोलापूरची बाई आणि बांगड्यांचं काम करणारी हैदराबाद-सिंधची बाई एकाच जातीच्या कामगार आहेत, हे त्याने मान्य केलं. २००९ साली आशियातल्या कामगार संघटनांनी कपडे कामगारांसाठी सामायिक किमान मजुरीची कल्पना मांडली, म्हणजे "शेजारच्या देशात जाईन" या धमकीतली हवाच निघून जाईल. मार्च २००० मध्ये, कारगिलची जखम ओली असताना, निर्मला देशपांडे बायांनी भरलेली बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. नागपूरच्या, मराठी साहित्यिकाच्या घरातल्या या दीदींना तेव्हा भाबडं म्हणून हसणारे पुष्कळ होते. आणि लाहोरच्या ज्या बायांनी त्यांचं स्वागत केलं, त्यांच्यात झियाच्या राजवटीत, १२ फेब्रुवारी १९८३ ला, बाईची साक्ष अर्धी मानणाऱ्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर लाठ्या खाल्लेल्या चळवळीच्या बाया होत्या. आपण मोर्च्यांत देतो ती आझादीची घोषणासुद्धा कमला भसीन यांनी पाकिस्तानच्या बायांकडून ऐकून इकडे आणली. त्या स्वतःच हे सांगत.

पण दुसऱ्यांकडे मागणी करण्याआधी एक गोष्ट आपल्या अंगणातली. १९९८ साली मुंबई पोलिसांनी बंगाली बोलणाऱ्या जरीकामगारांना "बांगलादेशी" म्हणून गाडीत घालून सरहद्दीकडे पाठवलं, आणि बंगालमध्ये उलुबेरियाला लोकांनी त्यांना उतरवून घेतलं. २०२५ साली तेच पुन्हा सुरू झालं. दिल्लीत पोट भरणाऱ्या, बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर बाईला जूनमध्ये सरहद्दीपलीकडे ढकललं गेलं. तिला डिसेंबरात परत आणायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपल्या वस्त्यांत भांडी घासणारी, कचरा वेचणारी बंगाली बाई बैठकीला येते का? येत नसेल तर का येत नाही? कागद नसलेली बाई आपल्याला दिसली की आपण आधी तिचा कागद विचारतो की तिचं म्हणणं? लग्न होऊन गाव सोडलेल्या बाईकडे बापाच्या घरचा पुरावा नसतो, हे परित्यक्तांच्या रेशनकार्डासाठी खेटे घालताना आपण शिकलो आहोत. तोच धडा इथे लागू आहे.

तेव्हा आमच्या मते मागण्या चार आहेत. सरहद्दीपलीकडे लग्न झालेल्या बायांना आणि त्यांच्या मुलांना, सरकारांचं भांडण कितीही पेटलं तरी, वेगळं करता येणार नाही असं कलम. खलाशांना शिक्षा संपल्यावर महिन्याभरात सोडण्याच्या २००८ च्या शब्दाचं पालन, आणि तोवर घरच्या बाईला बातमी व मदत. व्यापाराच्या प्रत्येक करारात समान वेतनाची आणि मजुरीच्या तळाची ओळ, तक्रारीच्या जागेसकट. आणि २००२ च्या करारात दुरुस्ती : अपव्यापाराची व्याख्या सगळ्या सक्तीच्या कामांपर्यंत, आणि परत पाठवण्याआधी तिची मर्जी. सार्क उद्या जागं होवो की त्याच्या जागी दुसरं काही येवो, या चार मागण्या त्याच्या दारात आधी पोचल्या पाहिजेत.

हे सध्या अशक्य वाटेल. समान वेतनाची ओळ लिहिली गेली तेव्हा एर्स्तालच्या बायांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नऊ वर्षांनी ती उचलली. आपली ओळ तर अजून लिहायची आहे, म्हणून लवकर लागायला हवं.

येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमात हा विषय घ्या. तुमच्या भागात सरहद्दीमुळे अडकलेली बाई असेल, खलाशाची घरवाली असेल, तर तिच्याशी बोला आणि तिला चालत असेल तरच, नाव न देता, आम्हाला लिहा. मावशींनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रांतून मिळेल.

तुमच्या,
संपादक मंडळातल्या मैत्रिणी